दोन डाव्या बाह्या

९ फेब्रुवारी, सकाळी

धाकटे,

‘प्रिय’ लिहून पाठवलेल्या तीन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून ह्या वेळी नुसतीच सुरुवात करते. नाक मुरडू नकोस.

तुझी लेक काल दुकानात येऊन गेली. आईला सांगू नको म्हणाली, म्हणून सांगते. चिमणी आता चिमणी राहिली नाही गं, दारातून वाकून आत आली. स्कर्टची चेन बसवून घ्यायला आले म्हणाली, पण चेन धडधाकट होती. मी उसवून पुन्हा तीच बसवली आणि तेवढ्या वेळात तिने पोटातलं सगळं सांगून टाकलं. एक मार्चपासून तू त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात देखरेखीच्या कामाला लागणार. तीन वर्षांचा करार. रेल्वेने सोळा तास. कागदावर सही तेवढी राहिली आहे.

तुझी मर्जी. मला काय त्याचं? फक्त कानावर आलं, एवढं कळवते. एकाच मापाचे चार हजार शर्ट एका रांगेत बघून तुला आनंद होणार असेल, तर जा बाई. तुझं टेबल मी अजून ठेवलंय ते काही तुझ्यासाठी नाही. त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला बरं पडतं.

बाकी बातमी अशी, की उद्या दुकान बंद. वारी नाही, सणवार नाही, दिवसाढवळ्या कामाच्या दिवशी बंद! बटणवाल्यांनी सहल काढली आहे. डोंगरापलीकडे ती जुनी बौद्ध मंदिरं आणि विहारांचे अवशेष आहेत ना, लहानपणी शाळेची सहल गेली तेव्हा तुला गोवर आला आणि तुझ्यामुळे मलाही घरी बसावं लागलं, तिकडे. बाजारातले आम्ही अकरा शिंपी, रफूवाल्या मावशी आणि स्वतः बटणवाले. मी आधी नाही म्हणाले. मग ते म्हणाले, ‘अहो, तिथे शेकडो मूर्ती आहेत आणि प्रत्येकीच्या अंगावर कापड आहे.’ मग म्हटलं, बघून तरी येऊ कोणी शिवलंय.

१० फेब्रुवारी, सकाळ, बस थांबली आहे

चाक पंक्चर. ड्रायव्हर खाली उतरून चाकाशी बोलतोय आणि बाकीचे दहा शिंपी भोवती उभे राहून त्याला सल्ले देतायत. एक म्हणतो ठिगळ लावा, दुसरा म्हणतो ठिगळ टिकणार नाही, आतून अस्तर हवं. मी सावलीत दगडावर बसून लिहितेय. वही मांडीवर आहे, अक्षर वाकडं येईल, चालवून घे.

बरोबर कोण कोण आहेत ते तुला माहीतच आहे. बटणवाले सत्तरीचे झाले, पण टाय अजून लावतात. मावशींना आता एका डोळ्याने कमी दिसतं, तरी चालत्या माणसाच्या कोपरावरचं भोक त्यांना रस्त्यापलीकडून दिसतं. आणि आपले हेडमास्तर! तेही आलेत. शिंपी नसून आलेत. बटणवाल्यांना म्हणाले, ‘तुमच्यात माझं एवढं कापड गेलंय, की मी निम्मा शिंपीच.’ सगळे हसले. मीही हसले. मग खिडकीबाहेर बघत बसले.

त्यांनी तेच जाकीट घातलंय गं. पट्ट्यापट्ट्यांचं, बिनबाह्यांचं. त्यांच्या वडिलांनी घेऊन ठेवलेलं ते कापड, तीस वर्षं पेटीत जपलेलं, कोट व्हायचा होता त्याचा आणि आपल्या हातून झालं जाकीट. पाच वर्षं झाली, आणि जरा थंडी पडली की ते हेच घालतात. म्हणतात, ‘बिनबाह्यांचं बरं, हात मोकळे राहतात.’ ज्याचं कापड गेलं तो माणूस सहा महिन्यांत हसायला लागला, आणि आपण दोघी अजून तोंडं फिरवून बसलोय.

चाक लागलं. जाते.

१० फेब्रुवारी, दुपारी

डबे खाऊन झाले. सगळे झाडाखाली आडवे झालेत. मला झोप येत नाही, कारण मला हसू आवरत नाहीये.

पहिल्यापासून सांगते. विटांचा एक प्रचंड स्तूप आहे, त्याला चढायला एकशे बारा पायऱ्या. माझा गुडघा चाळिसाव्या पायरीला बोलायला लागला, ऐंशीव्या पायरीला भांडायला लागला, पण मी वर गेले. वर काय वारा! आणि खाली सगळा विहार पसरलेला. भिंती आता कमरेएवढ्याच उरल्यात, त्यामुळे वरून सगळं कागदावर आखल्यासारखं दिसतं. ही खोली, ही खोली, हा चौक, ही विहीर. मी तिथे उभी राहून मोठ्याने म्हटलं, ‘अगदी ड्राफ्ट आहे हो!’ आणि वळून बघितलं. तू असशील असं वाटलं. ह्याचं काही मनावर घेऊ नकोस, सवय आहे.

माहिती द्यायला एक बाई होत्या. डोक्याला रुमाल, पायात बूट, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, नेहमीची मंडळी असतील, फोटो काढतील आणि जातील. त्यांनी आम्हाला पहिल्या मंदिरात नेलं आणि म्हणाल्या, ‘ही मूर्ती दीड हजार वर्षांपूर्वीची. चेहऱ्यावरची शांतता पाहा.’ चेहरा कोण बघतंय! सगळे कापडाकडे. ‘सुती आहे.’ ‘छे, सुती असं अंगाला चिकटत नाही.’ ‘ओलं सुती चिकटतं.’ ‘पन्हा केवढा असेल?’ एकाने टेप काढला, तेव्हा बाई ओरडल्या, ‘हात लावायचा नाही!’ तो म्हणाला, ‘हात नाही लावत, नुसतं माप घेतो.’

आणि खरंच सांगते, धाकटे, ज्याने ते कोरलं त्याला कापड कळत होतं. खांद्यावरून वस्त्र खाली येतं तिथे चुण्या दाट आहेत, पोटावर त्या सैल पडल्यात, आणि मनगटावर काठ असा उलटलाय, की बोटाने सरळ करावासा वाटतो. दगड आहे हे विसरायला होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बटणवाल्यांच्याही आलं असावं, पण ते म्हणाले वेगळंच. सगळ्या मंदिरांतून फिरून आल्यावर खांद्यावर हात ठेवून मला म्हणाले, ‘एकाला बटण नाही हो! एवढे लोक, एवढी वर्षं, आणि एक बटण नाही!’ अजून ते त्या धक्क्यातून सावरलेले नाहीत.

मावशींचा निराळाच तंटा. एका मूर्तीचा तुटलेला गुडघा नव्या दगडाने भरून काढलाय आणि तो नवा दगड मुद्दाम फिकट रंगाचा घेतलाय. मावशी चष्मा काढून, लावून, पुन्हा काढून बघत राहिल्या. ‘रफू दिसतंय! माझ्या हाताखालच्या पोरीने असं केलं असतं, तर मी तिला उभी केली असती.’ माहितीवाल्या बाई म्हणाल्या, ‘मुद्दाम दिसू देतात, मावशी. जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे लागलं, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. नाहीतर ती फसवणूक.’ मावशींनी चष्मा पुन्हा लावला. आयुष्यभर रफू लपवण्यात गेलं त्यांचं, त्यांना काही ते पटलं नसणार. मी मात्र तो गुडघा पुन्हा एकदा बघून आले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. शेवटच्या मंदिरात एक लांब भिंत आहे आणि तिच्यात कोनाडे, एकाशेजारी एक, शंभर. प्रत्येकात एक बुद्ध बसलेला, वीतभर उंचीचा. सगळे सारखे: वस्त्र डाव्या खांद्यावर, उजवा खांदा उघडा, उजवा हात गुडघ्यावरून खाली, जमिनीला टेकलेला. शंभर वेळा तेच. आपल्या बाजारात कोणी इतकं एकसारखं काम करून दाखवावं.

बाई म्हणाल्या, ‘आता ह्यातला एक वेगळा आहे, ओळखा. बहुतेकांना दाखवावा लागतो.’

दाखवावा लागतो! अकरा जणांनी एकदमच बोटं दाखवली. त्रेसष्टावा. वस्त्र उजव्या खांद्यावर, डावा खांदा उघडा, आणि डावा हात जमिनीला. बाकी सगळं जिथल्या तिथे.

बाईंनी कौतुकाने मान हलवली आणि सांगायला लागल्या, की हा असा का, ह्याचं कोडं आहे, विद्वानांनी ह्यावर बरंच लिहिलंय, कोणी म्हणतं ह्याच्यामागे गूढ अर्थ आहे, कोणी म्हणतं वेगळा पंथ…

आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, ‘कागद पालथा पडला!’

त्या भिंतीत आवाज असा घुमला, की पारवे उडाले. बाई दचकल्या. मग मी त्यांना समजावलं, की बाई, एकसारखे शंभर काढायचे म्हणजे खाका हवाच. खाका ठेवायचा, कडेने रेघ मारायची, उचलायचा, पुढचा. दुपारची वेळ, पोटात भूक, त्रेसष्टाव्याला खाका पालथा ठेवला गेला. झालं. डाव्याचं उजवं. ह्यात गूढ काय आहे? शिंप्याच्या आयुष्यात हे एकदा तरी होतंच.

बाई बराच वेळ त्या कोनाड्याकडे बघत राहिल्या. मग इतक्या हसल्या, की रुमाल सुटला. म्हणाल्या, ‘बावीस वर्षं मी इथे लोकांना गूढ अर्थ सांगतेय.’

मग मी विचारलं, की चूक कळल्यावर फोडला का नाही? त्या म्हणाल्या, ‘नाही फोडला. खाली बघा.’ खाली दगडी फरशी आहे आणि त्रेसष्टाव्यासमोर ती सगळ्यात जास्त झिजलेली आहे. दीड हजार वर्षं लोक तिथेच थांबतायत. बाकीच्या नव्याण्णवांसमोरून चालत जातात, ह्याच्यासमोर थांबतात.

त्याने नको तिथे खाका पालथा केला, आणि आपल्याकडे हवा तिथे केला गेला नाही. फरक एवढाच.

अजून एक राहिलं. बाई म्हणाल्या, ‘पण एक सांगा. इथे रेघ मारणारा वेगळा आणि कोरणारा वेगळा असायचा. मग छिन्नी हातात घेतलेल्याला दिसलं नसेल का? बासष्ट कोरून झाल्यावर?’

मी म्हटलं, ‘नसेल दिसलं. हातात हत्यार असलेला माणूस रेघ बघतो, चित्र बघत नाही.’

बाई म्हणाल्या, ‘मला नाही पटत. त्याला दिसलं होतं.’

‘मग कोरलं कशाला?’

‘भांडले असतील,’ बाई म्हणाल्या, आणि पुन्हा सगळे हसत सुटले.

आता बटणवाले शिट्टी वाजवतायत. राहिलेले विहार बघायला जायचंय.

११ फेब्रुवारी, दुपारी

दुकानात बसून लिहितेय. पाय सुजलेत, गुडघ्याला शेक दिलाय, आणि सकाळपासून एक टाका घातलेला नाही. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्रेसष्टावा सांगून परत पाठवलं.

काल परत येताना बसमध्ये सगळे गात होते. मी पण गायले, माझा आवाज तुला माहीत आहे, तरी कोणी उतरलं नाही. इतका आनंद मला पाच वर्षांत झाला नव्हता. आणि त्या आनंदातच मला कळलं, की हे ज्याला सांगायचं त्या माणसाचं टेबल रिकामं आहे. इस्त्रीचे कपडे मी तिथे ठेवत नाही. मी रोज ते टेबल पुसते.

शेवटच्या विहारात भिक्षूंच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत दोन दगडी ओटे समोरासमोर, मधे हातभर जागा. आपल्या दुकानासारखं. हेडमास्तर एका ओट्यावर बसले, मी दुसऱ्यावर. ते जाकिटावरची धूळ झटकत होते. मी म्हटलं, ‘मास्तर, मला तुम्हाला एक सांगायचंय.’ आणि सांगितलं. त्यांना आधी सांगितलं ह्याचा राग मानू नकोस. तुला लिहायच्या आधी एकदा तोंडातून काढून बघायचं होतं.

आता तुला सांगते. तुला माहीत असलेलंच सांगते, पण माझ्या हातचं तुझ्याकडे असू दे.

काल मी लिहिलं, ‘पालथा केला गेला नाही.’ जसं काही कागदालाच आळस आला होता. मी केला नाही, धाकटे. बाह्या नेहमी तू आखायचीस, सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. एरवी आपण कापड दुमडून कापतो, एक डावी एक उजवी आपोआप निघते. त्या दिवशी पट्टे जुळवायचे होते म्हणून कापड उघडं पसरलं होतं. एक बाही तू आखलीस आणि दात दुखतो म्हणून डॉक्टरकडे गेलीस. मला घाई. मी म्हटलं, एक बाही ती काय, आणि तुझाच कागद उचलून पलीकडे ठेवला, पट्टे जुळवले, रेघ मारली. पट्टे असे सुरेख जुळले, की मी स्वतःवरच खूश झाले. कागद पालथा करायचा राहिला. तू आलीस, कापलंस.

मग ट्रायलला मास्तर आले, दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. मास्तरांनी विचारलं, ‘हे कोणी केलं?’ आणि मी म्हटलं, ‘बाह्या तिच्याकडे असतात.’

खोटं नव्हतं ते. म्हणूनच तर ते सगळ्यात वाईट. तू माझ्याकडे बघितलंस, हाताचा खडू पुसलास, खिळ्यावरची तुझी कात्री काढलीस आणि गेलीस. आणि मी वर तुला तीन पत्रं पाठवली. पहिल्यात लिहिलं, झालं गेलं विसरून जा. दुसऱ्यात लिहिलं, चूक माणसाच्याच हातून होते. तिसऱ्यात, काय सांगू, तिसऱ्यात लिहिलं, की मी तुला माफ केलं! माझा हात कसा झडला नाही?

मास्तर काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, ‘अहो, हे मला सांगून काय उपयोग? मला हात मोकळे आवडतात.’

त्या दोन बाह्यांतली एक माझ्याकडे आहे. लांब पट्टी ठेवते तिच्यात. दुसरी शोध शोध शोधली, सापडली नाही.

मला माफ कर. तू कारखान्यात गेलीस तरी माफ कर, पण जाऊ नकोस. मला समोर तू हवी आहेस. मी काही चुकले की भुवई उडवणारं माणूस मला ह्या दुकानात हवंय. त्रेसष्टावा बघायला तुला घेऊन जायचंय. माझा गुडघा ठीक होईल. मी एकशे बारा पायऱ्या पुन्हा चढेन.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

तीन पत्रांना उत्तर दिलं नाही, कारण त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. ह्यात आहे.

चिमणीला मीच पाठवलं होतं. चेन धडधाकट आहे हे तुला कळेल आणि तरी तू ती उसवून बसवशील, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. ‘आईला सांगू नको म्हण, म्हणजे तुझी मावशी लगेच मला कळवेल,’ हेही.

आता तुझ्या त्या माहितीवाल्या बाईंना माझा नमस्कार कळव. त्या म्हणतात ते बरोबर आहे. छिन्नीवाल्याला दिसलं होतं.

मी दातात कापूस धरून आले, टेबलाशी उभी राहिले, आणि कात्री लावायच्या आधीच मला दिसलं. दोन्ही बाह्या डाव्या. तुझी रेघ मी आंधळी झाले तरी ओळखीन, शेवटाला जरा वर उडते. पण त्याच दिवशी सकाळी तू बटणवाल्यांच्या देखत मला म्हणाली होतीस, ‘तू फक्त आखलेलं काप, डोकं चालवायचं काम माझ्याकडे राहू दे.’ तुला आठवतही नसेल. मला दातापेक्षा ते जास्त दुखत होतं. म्हटलं, बरं. डोकं तुझं. आणि कापलं. सरळ, सुंदर कापलं.

मला वाटलं होतं, उरलेल्या कापडातून एक उजवी निघेल. संध्याकाळी तुला दोन डाव्या दाखवायच्या, तुझं तोंड बघायचं, पोटभर हसायचं आणि मग उजवी आखायची. कापड चार बोटं कमी पडलं. आणि मास्तर एक दिवस आधीच ट्रायलला आले. तू ‘बाह्या तिच्याकडे असतात’ म्हणालीस तेव्हा मी काहीच बोलले नाही, ते मोठं मन म्हणून नाही. बोलले असते तर माझंही बाहेर आलं असतं. पाच वर्षं मी तुझ्या कबुलीची वाट बघत बसले, म्हणजे मला माझी द्यावी लागू नये. आता तू दिलीस, पंचाईत केलीस.

दुसरी बाही माझ्याकडे आहे. माझी कात्री तिच्यात राहते. निघताना उचलली होती, तुझ्या नाकासमोरून.

मास्तरांना हे मी स्वतः सांगणार आहे, तू मधे बोलायचं नाहीस. त्रेसष्टाव्यालाही जाऊ, मी तुला मागून ढकलेन. कारखान्याच्या कागदावर सही केली नाही, करणारही नव्हते बहुतेक, पण ते चिमणीला माहीत नाही.

पहिल्या तारखेला सकाळी येते. माझ्या खिळ्यावर काही टांगलं असशील तर काढ. आणि एक आत्ताच सांगून ठेवते, मग भांडायचं नाही. बाह्या मी आखणार. दोन्ही.

धाकटी